टिंबापुढची अक्षरे

संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटच्या टिंबापुढे जी दोनचार अक्षरे येतात, ती कोणी थांबून वाचत नाही. डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी. बोट सवयीने टंकते आणि नजर पुढे सरकते. मला मात्र ही अक्षरे फार वाचनीय वाटतात. कवितेची ओळ आपण शब्दाच्या अर्थासाठी वाचतो, तशी तिच्या नादासाठी, अक्षरांच्या वळणासाठी आणि तिने काय गाळले त्यासाठीही वाचतो. डोमेनचे प्रत्यय त्या नजरेने वाचले, तर एक मोठी गोष्ट हाती लागते. एखाद्या देशाने किंवा भाषेने स्वतःची ओळख किती कमी जागेत करून द्यावी याची परिसीमा इथे आहे, आणि त्या इवल्या जागेतही ते नाव कोणाच्या तोंडून उच्चारले जाते आहे हे स्पष्ट ऐकू येते.

आधी संहिता पाहू. जगातले सगळे प्रत्यय एकाच यादीत नोंदलेले असतात. तिला रूट झोन म्हणतात. आपण मूळ यादी म्हणू. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नावांची व्यवस्था आखली. त्यापूर्वी जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाचे नाव एकाच फाइलमध्ये लिहिलेले असे आणि ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची असे. नव्या व्यवस्थेत नावाचे तुकडे पडले, प्रत्येक तुकड्याला आपापला सांभाळणारा मिळाला, आणि वाचनाची दिशा उलटली. पाकिटावर आपण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असे लिहीत जातो आणि टपाल खाते ते खालून वर वाचत येते. संगणकही पत्ता तसाच शेवटाकडून वाचतो. म्हणजे आपल्या डोळ्यांना जे शेपूट वाटते, ते यंत्राच्या लेखी पहिले अक्षर असते. अख्ख्या पत्त्याचा अर्थ तिथून उलगडायला लागतो.

या संहितेला कर्ता आहे का? एकटा कर्ता नाही. पण तिच्यावर सर्वांत ठळक ठसा जॉन पोस्टेल यांचा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत बसून त्यांनी ही यादी अनेक वर्षे सांभाळली. ऑक्टोबर १९८४च्या टिपणात त्यांनी आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी काही सर्वसाधारण प्रत्यय ठरवले, आणि देशांसाठी दोन अक्षरांची सोय केली. देशांची अक्षरे त्यांनी स्वतः बेतली नाहीत. आयएसओ या प्रमाणीकरण संस्थेची दोन अक्षरांच्या देशनामांची यादी आधीपासून होती, तीच उचलली. पुढे १९९४च्या टिपणात पोस्टेल यांनी कारणही नोंदवून ठेवले: देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवण्याचा व्यवसाय आपला नाही. या वाक्यातला विनय मला फार मोलाचा वाटतो. नावे ठेवण्याचा अधिकार हातात असताना तो बाजूला ठेवणारी माणसे विरळ असतात. या संयमामुळेच ही यादी पुढे इतरांच्या आवाजांनी भरू शकली.

आता ओळी वाचू. दोन अक्षरांत देश बसवायचा ही अट मोठी कठीण आहे, आणि कठीण वृत्तातच कवीची कसोटी लागते. जर्मनीचा प्रत्यय डीई आहे, स्पेनचा ईएस, क्रोएशियाचा एचआर. इंग्रजी नावांशी त्यांचा मेळ बसत नाही, कारण ते डॉइचलँड, एस्पान्या आणि ह्र्वात्स्का या घरच्या नावांवरून आले आहेत. तिन्ही प्रत्ययांत त्या त्या देशातला माणूस स्वतःच्या भाषेत बोलतो आहे.

स्वित्झर्लंडचा सीएच ही माझ्या मते या दोन अक्षरी रचनांमधली सर्वांत देखणी ओळ आहे. या देशाच्या राष्ट्रभाषा चार: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. चौघींची देशाला चार नावे: श्वाइत्स, स्विस, स्वित्सेरा, स्वित्स्रा. यांतल्या एकीच्या नावावरून अक्षरे घेतली, तर उरलेल्या तिघी दुय्यम ठरतात. तेव्हा देशाने कोणाचीच मातृभाषा नसलेल्या लॅटिनकडे धाव घेतली. कॉन्फोएडेरात्सिओ हेल्वेटिका, म्हणजे हेल्व्हेशियन राज्यसंघ, या नावाची ती आद्याक्षरे आहेत. चौघींनीही एका वडीलधाऱ्या भाषेतले नाव पुढे केले आणि वाद होऊच दिला नाही. भाषिक सौजन्याचा इतका आटोपशीर नमुना मला दुसरीकडे दिसलेला नाही.

दक्षिण आफ्रिकेचा झेडए याच्या अगदी उलट चालीचा आहे. ही अक्षरे झाउड-आफ्रिका या डच नावाची. त्या देशाच्या आजच्या राजभाषांत डच नाही. डचपासून निपजलेली आफ्रिकान्स आहे, पण तिच्यात हे नाव ‘एस’ने सुरू होते. म्हणजे प्रत्ययात जी भाषा बोलते, ती देशाच्या राजभाषांच्या यादीतून निघून गेली आहे. झुलू, खोसा, सोथो बोलणारी कोट्यवधी माणसे रोज हा जुना डच उच्चार टंकतात. सत्ता जाते, राज्यघटना बदलते, आणि नावाचा एक ठिपका मागे राहतो.

काही प्रत्ययांचा अर्थ परक्या भाषेने पळवला. पॅसिफिकमधल्या निऊए या छोट्या बेटाचा प्रत्यय एनयू. स्वीडिश भाषेत ‘नू’ म्हणजे आत्ता, या क्षणी. त्यामुळे तो स्वीडनमध्ये लोकप्रिय झाला आणि २०१३पासून त्याचा कारभारही तिथल्याच एका संस्थेकडे आहे. तुवालूचा टीव्ही प्रत्यय तर सगळ्या जगाला दूरचित्रवाणीचा वाटतो. तुवालू या नावाचा त्या भाषेत अर्थ आहे आठ जण मिळून उभे असणे; त्या बेटांपैकी आठांवर पूर्वापार वस्ती होती. अक्षरे दोनच असली की असे घडते. नावाचा आतला अर्थ बाहेरच्याला दिसत नाही, आणि तो आपला अर्थ त्यात भरतो. दोन अक्षरी रचनेची ही मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी.

इथवरच्या सगळ्या ओळी एका लिपीतल्या. डोमेनच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ, एवढेच चालत असे. म्हणजे ‘हेल्वेटिका’ असो की ‘ह्र्वात्स्का’, नाव घरचे असले तरी कपडे रोमनच. रोमन लिपी ज्यांची नाही, त्यांना तेही भाग्य नव्हते. इजिप्तचा माणूस आपल्या देशाला मिस्र म्हणतो, पण त्याला ईजी लिहावे लागे. आर्मेनियन माणूस स्वतःला हाय म्हणवतो, पण पत्ता संपे तो एएमने. नाव परक्याचे आणि अक्षरेही परक्याची.

हे बदलायचे तर जगभरच्या यंत्रणेला हात न लावता बदलायचे होते, कारण असंख्य यंत्रे रोमन अक्षरांवर पोसलेली. २००३ साली अ‍ॅडम कॉस्टेलो यांची प्युनीकोड नावाची युक्ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. कोणत्याही लिपीतले नाव रोमन अक्षरांच्या एका ओळीत बांधायचे आणि पुढे ‘एक्सएन’ व दोन जोडरेघा लावायच्या, म्हणजे ही बांधलेली गाठ आहे हे यंत्राला कळते. जुनी यंत्रे गाठ तशीच पुढे देतात, नवी ती सोडून दाखवतात. ‘भारत’ हे देवनागरी नाव जाळ्यातून जाताना एक्सएन, दोन जोडरेघा आणि मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी असे जाते. ही ओळ वाचायला रुक्ष आहे. पण तिच्यामुळे कोणालाही आपले जुने यंत्र न बदलता भारत लिहिता आला. स्वतः अदृश्य राहून दुसऱ्याचे नाव सुखरूप पोहोचवणारी ही कारागिरी आहे, आणि रसग्रहणात तिचा उल्लेख झालाच पाहिजे.

ऑक्टोबर २००७मध्ये मूळ यादीत प्रथमच अकरा परलिपी प्रत्यय चाचणीसाठी घातले गेले. यादी सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने अकरा ठिकाणी एकच मजकूर लिहिला: डाव्या बाजूला ‘उदाहरण’ या अर्थाचा शब्द, टिंब, आणि उजव्या बाजूला ‘परीक्षा’ या अर्थाचा. देवनागरीतला पत्ता होता ‘उदाहरण.परीक्षा’. हिंदीसाठी म्हणून केलेला, पण एकही अक्षर न बदलता मराठीचाही. मूळ यादीत शिरलेला देवनागरीतला हा पहिला शब्द, आणि तो होता परीक्षा. या दोन शब्दांची निवड केवळ सोयीची म्हणून सोडून देता येत नाही. ‘परीक्षा’मध्ये दीर्घ वेलांटी आहे, क्ष हे जोडाक्षर आहे, काना आहे. उच्चारताना आपण तीनच अक्षरे मोजतो: प, री, क्षा. संगणक मात्र प, र, वेलांटी, क, हलन्त, ष, काना अशी सात चिन्हे मोजतो. आपले तीन आणि यंत्राचे सात यांचा हिशेब जुळतो की नाही, हे पाहायला याहून चांगला शब्द सापडला नसता. देवनागरी आपल्या सगळ्या दागिन्यांसह परीक्षेला बसली आणि उतरली.

त्या अकरा जणांत आणखी एक नाव होते, ते वाचताना मन भरून येते. हिब्रू लिपीतला शब्द होता, पण भाषा यिडिश होती. पूर्व युरोपातल्या ज्यू समाजाची ही भाषा. कोणत्याही राष्ट्राच्या बळावर ती कधी उभी नव्हती, आणि तिच्या लक्षावधी भाषकांचा विसाव्या शतकात संहार झाला. अरबी, चिनी, रशियन अशा राज्यांच्या भाषांच्या शेजारी यिडिशला जागा मिळाली, ही त्या यादीतली सर्वांत माणुसकीची ओळ म्हणावी लागेल. २०१३मध्ये चाचणीचे सगळे प्रत्यय काढले गेले. त्यांचे काम झाले होते.

खरा प्रवेश त्याआधीच घडला होता. ५ मे २०१० रोजी अरबी लिपीतली तीन देशनामे मूळ यादीत आली: इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात. इजिप्तचे नाव तीन अक्षरांचे, मिस्र. ग्रीकांनी दिलेले, युरोपने फिरवलेले नाव बाजूला सरले आणि नाईलकाठचा माणूस ज्या नावाने देशाला हाक मारतो तेच नाव पत्त्यात आले. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे तिथे प्रत्यय पत्त्याच्या डाव्या टोकाला जातो. ‘टिंबाच्या उजवीकडचा शेवटचा तुकडा’ ही प्रत्ययाची व्याख्या आपण सहज करून टाकतो. ती एकाच लिपीची होती हे इथे लक्षात येते.

रशियाचा प्रत्यय त्याच महिन्यात आला, आणि त्याची रचना विचारपूर्वक वाचावी अशी आहे. ‘रू’ हा सरळ पर्याय होता. पण सिरिलिक लिपीतली ती दोन अक्षरे रोमनमधल्या पी आणि वायसारखी दिसतात, आणि पीवाय हा तर पॅराग्वेचा प्रत्यय. मग रशियाने रशियन फेडरेशन या अर्थाची आद्याक्षरे घेतली: र आणि फ. सिरिलिक ‘फ’ म्हणजे एका गोलाला मधोमध भेदणारी उभी रेघ. रोमन लिपीत त्याच्यासारखे दुसरे अक्षर नाही. या एका अक्षराने ओळ खणखणीत झाली. कोणी कितीही घाईत वाचली तरी ती दुसऱ्या कोणाची वाटणार नाही. बल्गेरियाला हे भाग्य लवकर लाभले नाही. त्याची सिरिलिक ‘बग’ ही अक्षरे ब्राझीलच्या बीआरसारखी दिसतात म्हणून २०१०मध्ये अर्ज नाकारला गेला. देशाने दुसरे नाव घेतले नाही, आपल्याच दोन अक्षरांवर ठाम राहिला, आणि २०१६मध्ये ती अक्षरे यादीत आली.

आर्मेनियाने आपल्या लिपीत ‘हाय’ लिहिले. रोमनमधल्या एएमने जे दिले नव्हते, ते स्वनाम त्याला तीन अक्षरांत मिळाले. जॉर्जियाने वेगळा मार्ग धरला. तिथली माणसे देशाला साकार्टवेलो म्हणतात, पण प्रत्ययात त्यांनी जीई या रोमन जोडीचेच ‘गे’ हे रूप जॉर्जियन अक्षरांत उतरवले. एकाने नाव आणि लिपी दोन्ही आपली घेतली. दुसऱ्याने लिपी आपली घेतली आणि नाव जगाच्या ओळखीचे राहू दिले. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. एकीत ओळख अधिक आहे, दुसरीत संवाद.

देश नसलेल्या भाषांचेही प्रत्यय आहेत. कातालान भाषा आणि संस्कृतीसाठीच्या कॅट या प्रत्ययाला २००५मध्ये मान्यता मिळाली. भूप्रदेश किंवा व्यवसाय यांच्याऐवजी भाषेभोवती उभा राहिलेला हा पहिला प्रत्यय. २०१४मध्ये बास्कचा ईयूएस, गॅलिशियनचा जीएएल, ब्रेटनचा बीझेडएच आले. बास्क माणूस आपल्या भाषेला एउस्कारा म्हणतो, ब्रेटन आपल्या भूमीला ब्रेझ. प्रत्ययांत तीच अक्षरे आहेत. वेल्सने एकाच वेळी दोन प्रत्यय घेतले, वेल्स आणि कम्री. पहिले इंग्रजांनी दिलेले नाव, दुसरे स्वतःचे. घराच्या दोन दारांवर दोन भाषांत पाटी लावून हा देश दोघांचेही स्वागत करतो.

आता आपल्या ओळींकडे येऊ. भारताचा आयएन हा प्रत्यय मे १९८९चा, आणि सुरुवातीला त्याचा सांभाळ मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने केला. भारतीय लिप्यांतल्या प्रत्ययांचे नियम बसवण्यात पुण्याच्या सी-डॅकमधल्या भाषातंत्रज्ञांचा मोठा वाटा आहे. देवनागरीतला ‘.भारत’ ऑगस्ट २०१४मध्ये नोंदणीसाठी खुला झाला. तो एकट्या हिंदीचा नाही. मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीत लिहिली जाणारी सिंधी यांचाही तो तितकाच आहे.

पण एका ‘भारत’वर हे थांबले नाही, आणि इथे मूळ यादी खऱ्या अर्थाने काव्य होते. भारतीय भाषांत देशाचे नाव आज या यादीत पंधरा रूपांत नोंदलेले आहे. अर्थ एकच, देश एकच, आणि प्रत्येक ओळीत उच्चार वेगळा. मराठीत आपण ‘भारत’ लिहितो आणि शेवटचा त पाय मोडल्यासारखा उच्चारतो. लिहून दाखवायची गरज भासत नाही, सगळ्यांना ते ठाऊक आहे. तेलुगू भाषेचे शब्द सहसा स्वरात संपतात. म्हणून तिथे त वर हलन्ताची खूण दिली आहे, नाहीतर वाचणारा ‘भारत’ असा अंत्य स्वर उच्चारील. कन्नडमध्ये खूण नाही, कारण कन्नड माणूस शेवटचा अ पुरता म्हणतो. मल्याळममध्ये अनुस्वार आला, ‘भारतं’. संस्कृतने आपला नपुंसकलिंगी प्रथमान्त शब्द शिस्तीत लिहिला: ‘भारतम्’. संथाळीच्या ओळीत देवनागरीतच ‘भारोत’ आहे. पूर्वेकडची अ ची गोलाई कानाला ऐकू येते तशी कागदावर उतरली.

बंगाली आणि असमिया या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. लिपी जवळजवळ एकच. भ तोच, काना तोच, त तोच. फरक आहे तो फक्त र मध्ये. बंगाली र खाली टिंब घेऊन येतो, असमिया र च्या पोटात तिरकी रेघ असते. एवढ्या एका रेघेसाठी स्वतंत्र प्रत्यय हवा का, असे कोणी विचारील. ज्याची भाषा शेजारच्या मोठ्या भाषेची उपशाखा म्हणून मोजली गेली आहे, त्याला विचारावे. ती एक रेघ म्हणजे असमिया भाषकाची सही आहे, आणि मूळ यादीने ती मान्य केली.

अरबी वळणाच्या लिपीतल्या तीन ओळी तर ध्वनिशास्त्राचा धडाच आहेत. उर्दू ‘भ’ लिहिताना ब ला ह जोडते. दोन चिन्हे मिळून एक ध्वनी. सिंधीकडे भ साठी स्वतंत्र अक्षर आहे, खाली चार ठिपके असलेले. म्हणून तिच्या नावात एक चिन्ह कमी लागते. काश्मिरीत तर महाप्राण घोष ध्वनी नाहीच. भ, ध, घ हे आवाज काश्मिरी बोलीत येत नाहीत. म्हणून काश्मिरीतला प्रत्यय आहे ‘बारत’. काश्मिरी माणसाच्या ओठांवर देशाचे नाव जसे येते तसे ते नोंदले गेले. कोणी त्याला ह जोडून ‘शुद्ध’ करायला गेले नाही. भाषेबद्दलचा इतका आदर सरकारी यादीत क्वचितच आढळतो, आणि तो आढळला की त्याचे मोकळेपणाने कौतुक करावे.

पंधरांमध्ये एकच ओळ वेगळे नाव घेते. तमिळने ‘इंदिया’ लिहिले. ही निवड समजून घ्यायला युनिकोडमधली अक्षरांची मांडणी पाहावी लागते. ब्राह्मीपासून निघालेल्या मोठ्या भारतीय लिप्यांना तिथे एकशे अठ्ठावीस जागांची एकेक रांग दिली आहे आणि एकाच ध्वनीचे अक्षर प्रत्येक रांगेत त्याच क्रमांकावर बसवले आहे. देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तेलुगू, कन्नड, मल्याळम, सगळ्यांच्या रांगेत भ एकाच क्रमांकावर आहे. तमिळच्या रांगेत ती जागा रिकामी आहे, कारण तमिळ लिपीत भ नाही. तमिळमध्ये ‘बारदम्’ असे रूप आहेच, पण प्रत्ययासाठी तिने स्वतःच्या अक्षरांत पुरे मावणारे नाव घेतले. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात देशाची दोन्ही नावे एकत्र आहेत. मूळ यादीतही ती दोन्ही भारतीय लिप्यांत आली ती तमिळमुळे. शिवाय तमिळ या यादीत तीनदा भेटते: भारताच्या ओळीत, श्रीलंकेच्या ‘इलंगै’मध्ये आणि सिंगापूरच्या ‘सिंगप्पूर’मध्ये. तीन राष्ट्रांनी एकाच भाषेत आपले नाव लिहावे हा मान मोठा आहे.

मराठी वाचकाने या सगळ्यात स्वतःच्या भाषेच्या खुणा शोधाव्यात. पहिली खूण ते टिंबच. हिंदी वाक्य दंडाने संपते. मराठी वाक्य टिंबाने. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. शिवाय आपल्याकडे टिंबाचा दुसराही उपयोग आहे. पु. ल., ग. दि. मा., ना. सी. फडके: इथे टिंब थांबवत नाही, पुढे नाव आहे असे सांगते. ‘.भारत’मधले टिंब या दुसऱ्या जातीचे आहे. मराठी डोळ्याला ते ओळखीचे वाटते, पाहुणे वाटत नाही.

दुसरी खूण ‘ऱ्’ची. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना मान द्यायचा असतो आणि आचाऱ्यांना पंगतीचा हिशेब. हा फरक हिंदीला लागत नाही, मराठीला रोज लागतो. टंकताना तो साधायला एके काळी अदृश्य जोडचिन्ह वापरले जाई. डोमेनच्या मूळ यादीत अदृश्य चिन्हांना मज्जाव आहे, कारण डोळ्यांना न दिसणारा फरक हा फसवणुकीला दार उघडतो. तेव्हा ब्राह्मीकुळातल्या नऊ लिप्यांचे नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञगटाने खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा दृश्य मार्ग मराठीसारख्या भाषांसाठी मोकळा ठेवला. कोणी तरी बैठकीत बसून सांगितले असेल की हे अक्षर नसेल तर आमचे अनेक शब्द लिहिताच येणार नाहीत. त्या आग्रहाचे ऋण आपल्यावर आहे.

तिसरी खूण जरा बोचरी. मूळ यादीत देवनागरीचे आणखीही काही प्रत्यय आहेत: कॉम, नेट, संगठन. ‘कॉम’मधला ऑ महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेत रीतसर आहे, आणि डॉक्टर, कॉलेज म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो आपला वाटतो. ‘संगठन’ मात्र हिंदी आहे. मराठी माणूस संघटना म्हणतो. ग चा घ, ठ चा ट आणि शेवटी एक काना: फरक थोडका, पण बंगाली-असमियामधल्या एका र च्या फरकाइतकाच मोलाचा. देवनागरीत लिहिलेले म्हणजे आपोआप सर्वांचे, असे मानले की मराठी हळूच वगळली जाते. ‘भारत’ हा शब्द आठ भाषांना सारखाच लागू होता. ‘संगठन’ तसा नाही. पुढे देवनागरीत जे प्रत्यय येतील, त्यांच्या शब्दांकडे मराठी भाषेच्या संस्थांनी लक्ष ठेवायला हवे.

दोषांविषयी बोललो नाही तर हे रसग्रहण अपुरे राहील. प्रत्यय यादीत आला म्हणजे वापरात आला असे होत नाही. देवनागरी पत्ता किंवा देवनागरी ईमेल टंकला की पुष्कळ ऑनलाइन अर्ज तो चुकीचा ठरवतात. पत्ता बरोबर असतो. अर्ज लिहिणाऱ्याने रोमन अक्षरांपलीकडे पत्ता असू शकतो हे गृहीत धरलेले नसते. कुठे ‘भारत’ऐवजी प्युनीकोडची गाठ न सोडताच दाखवली जाते. काही वेळा त्यामागे सावधगिरी असते, कारण दोन लिप्यांतली सारखी दिसणारी अक्षरे मिसळून फसवे पत्ते बनवता येतात. पण निखळ देवनागरी पत्त्यालाही हीच वागणूक मिळाली, तर लोक कंटाळून रोमनकडे परततात. शिवाय नवा प्रत्यय मिळवणे खर्चाचे आहे. २०१२च्या फेरीत नुसत्या अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते. भाषेच्या नावाचा प्रत्यय घ्यायचा तर त्यामागे कातालानांसारखी संस्था आणि सातत्य लागते.

मराठीला आज वेगळ्या प्रत्ययापेक्षा हाताशी असलेल्याचा वापर अधिक हवा आहे, असे मला वाटते. ‘.भारत’ आपला आहे, त्यात आपला ळ आणि आपला ऱ् चालतो, आणि टिंबाच्या डावीकडची जागा मराठी शब्दांची वाट पाहते आहे. ग्रंथालयांनी, साहित्य परिषदांनी, प्रकाशकांनी, शाळांनी, दिवाळी अंकांनी आपली नावे तिथे मराठीत लिहावीत. पुण्या-मुंबईत अर्ज आणि ॲप लिहिणारी हजारो मराठी मुले-मुली आहेत. त्यांच्या हातून निघणारा प्रत्येक अर्ज देवनागरी पत्ता स्वीकारतो की नाही, हे तपासणे त्यांना अवघड नाही. काश्मिरीने आपला ब राखला, असमियाने आपला र, बल्गेरियाने सहा वर्षे थांबून आपली दोन अक्षरे. त्यांच्या मानाने मराठीचे काम सोपे आहे. आपल्याला जागा मागायची नाही. मिळालेल्या जागेत आपली नावे लिहायची आहेत, आणि ती आजपासून लिहिता येतात.